पिल्लाच्या पोटातले जंत आणि आपली लेकरं

दिवाळीच्या आगेमागे धान घरात येतो, सांदवाडीत नव्या तणसाचा ढीग लागतो आणि गल्लीतली एखादी कुत्री नेमकी त्या ढिगातच विते. काही दिवसांनी तुमचं पोरगं त्यातलं एक पिल्लू छातीशी धरून घरात येतं. आईबाबांनो, तेव्हा त्याच्यावर ओरडू नका आणि पिल्लू हिसकावून फेकूनही देऊ नका. नाकाडोंगरीसारख्या जंगलाला लागून असलेल्या गावात कुत्रं घराचंच असतं. राखण तेच करतं, बांधीवर पोरांच्या पुढं तेच धावतं. मला बोलायचं आहे ते त्या पिल्लाच्या पोटाबद्दल.

कुत्र्याचा गोल जंत पिल्लाला बाहेरून लागावा लागत नाही. कुत्री गाभण असताना तिच्या अंगात दडून बसलेल्या अळ्या जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लांमध्ये उतरतात. म्हणून डोळेही न उघडलेलं पिल्लू जंत घेऊनच जन्मतं, आणि तीन-चार आठवड्यांचं होताच त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडू लागतात. म्हणजे पिल्लू सगळ्यात गोजिरवाणं दिसतं आणि पोरं त्याला खाली ठेवायला तयार नसतात, नेमक्या त्याच वयात.

ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. ओलसर मातीत त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तिथून पुढं मात्र ती मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. ही मुदत आपल्या फायद्याची आहे. अंगणातली विष्ठा रोजच्या रोज फावड्यानं उचलून, विहीर-बोअरपासून लांब खोल खड्ड्यात पुरली, तर अंड्यांना मातीत पिकायला वेळच मिळत नाही. विष्ठा तशीच राहून पावसानं मातीत मिसळली, की मग ती डोळ्यांना दिसत नाही आणि झाडूनही निघत नाही. घरकुलासाठी आणून टाकलेली वाळू पोरांना खेळायला फार आवडते, आणि मांजरांना घाण करायला. तिच्यावर रात्री ताडपत्री टाका.

माती तोंडात घालणारं लहान लेकरू ही अंडी गिळतं. माणसाच्या आतड्यात या जंताची वाढ पुरी होत नाही. अळी आतड्याबाहेर निघून यकृतात, फुप्फुसात भटकत राहते. बहुतेक मुलांना काही जाणवतही नाही. काहींना बारीक ताप राहतो, सुका खोकला आणि धाप लागते, पोट दुखतं. जंत आतड्यात राहतच नसल्यामुळं विष्ठेच्या तपासणीत काही सापडत नाही. ‘जंत नाहीत’ असा कागद हातात आला तरी मुलाचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा: घरात कुत्र्याचं पिल्लू आहे, पोरगं माती खातं. तेवढ्यावरून त्यांना रक्ताची कोणती तपासणी करायची ते कळतं.

या आजारात सगळ्यात जास्त काळजी डोळ्याची. कधी अळी डोळ्यात पोचते, तीही बहुधा एकाच डोळ्यात. पाच-सहा वर्षांचं पोर कधी म्हणत नाही, की मला एका डोळ्यानं अंधूक दिसतं. दुसरा डोळा काम भागवतो आणि त्याला वाटतं, सगळ्यांनाच असं दिसतं. म्हणून अधूनमधून खेळता खेळता एक डोळा तळहातानं झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला आकडा विचारा. मग दुसरा डोळा झाका. एका बाजूला अडखळलं, डोळा तिरळा वाटू लागला, किंवा बुबुळाच्या मधोमध पांढरं दिसलं, तर ‘पुढच्या बाजाराला तुमसरला जाऊ’ असं म्हणू नका. त्याच दिवशी निघा. बुबुळातल्या पांढरेपणामागं याहून गंभीर आजारही असू शकतात, आणि तिथं उशीर परवडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी मिळतेच की. मिळते, आणि ती चुकवू नका. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं. पण ती गोळी आहे ती माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी. अंगात भटकणाऱ्या, कुत्र्याच्या जंताच्या अळीवर एका गोळीनं भागत नाही. तो उपचार डॉक्टर ठरवतात. शिवाय गोळी खाऊन पोरगं घरी येतं आणि त्याच अंगणात, त्याच पिल्लाशी खेळतं. पिल्लाला मात्र कुणी काही दिलेलं नसतं. मुलाच्या बाजूनं आपण अर्धं काम केलं, उरलेलं अर्धं पिल्लाच्या बाजूला पडून आहे.

गोल जंताखेरीज कुत्र्याचे आणखीही जंत आहेत. त्यातल्या आकड्या जंताच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. पायावर खाजरी, तांबडी, रोज थोडी पुढं सरकणारी वाकडी रेघ दिसली, तर ती खरूज समजून मलम चोपडत बसू नका, दवाखान्यात दाखवा. आणि कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले, तर ते पट्टकृमीचे आहेत. तो पिसवांतून पसरतो, आणि खेळताना पिसू पोटात गेली तर मुलालाही होतो. म्हणून पिसवांचा बंदोबस्तही औषधाइतकाच गरजेचा.

एक गोष्ट मंडईच्या दिवसांतली. आपल्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुण्यांनी घर भरतं, बोकड कापला जातो. कलेजात किंवा फुप्फुसात कधी पाणी भरलेले फुगे आढळतात. तो भाग आपण खात नाही आणि सहज कुत्र्यापुढं टाकतो. त्या फुग्यात एका बारीक पट्टकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढते, तिची अंडी विष्ठेतून कुत्र्याच्या केसांना लागतात आणि त्याला कवटाळणाऱ्या मुलाच्या हाताला. मग तसाच फुगा माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात धरतो आणि वर्षानुवर्षं, काही न दुखता, वाढत राहतो. पाचव्या वर्षी लागलेली ही गोष्ट पंचविशीत ऑपरेशनच्या टेबलावर कळू शकते.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार फार होता. हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश डॉक्टर 1863 साली तिथं गेला, कुत्री तपासली आणि पुढच्याच वर्षी लोकांच्या भाषेत लिहिलेली त्याची पुस्तिका घरोघर वाटली गेली. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. पुढं कायदेही झाले, पण कापलेल्या जनावराचा रोगट भाग कुत्र्याला घालायचा नाही, ही गोष्ट आधी घराघरांतल्या माणसांना पटली. विसाव्या शतकात तिथून हा आजार हटला. थंड देशातल्या मेंढपाळांना जे जमलं, ते आपल्यालाही जमेल असं मला मनापासून वाटतं. तो भाग खोल पुरा, कुत्रं उकरणार नाही इतका खोल.

मांजरीबद्दल थोडंच. तिच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला बाधणारा एक वेगळा आजार लागू शकतो. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मांजरीची घाण त्या बाईनं काढू नये, मातीत काम केल्यानंतर हात साबणानं धुवावेत, मटण नीट शिजलेलंच खावं. मांजरीला हाकलायची गरज नाही. तिच्या विष्ठेतून या आजाराची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडेच पडतात.

शेळ्यांना जंताचं औषध आणायला तुम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताच. पुढच्या खेपेला पिल्लालाही थैलीत घालून न्या, जमल्यास त्याच्या आईलाही. पहिला डोस दोन आठवड्यांचं असताना, मग आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. मुलाची उरलेली गोळी अंदाजानं मोडून पिल्लाला देऊ नका. औषध वजनावर ठरतं. डॉक्टरांना पिल्लाचं वय सांगा, पट्टकृमीचं औषध यातच आहे का ते विचारा, आणि कुत्री पुन्हा गाभण असली तर तेही सांगायला विसरू नका.