ओव्हनच्या टायमरला लाइट गेल्याचं कळत नाही

"काकू, ओव्हन बिघडला वाटतं. लाइट आहे, पण तापतच नाही."

सांगलीत मी घरगुती केक-बिस्किटांचे वर्ग घेते. दिवाळी आणि नाताळच्या तोंडावर हा फोन हमखास येतो. ओव्हन क्वचितच बिघडलेला असतो. आपल्याकडच्या साध्या ओटीजीत टायमर हाच मुख्य स्विच असतो. तापमानाची घुंडी १८० वर नेली, मोड लावला, पण टायमर शून्यावरच राहिला, तर सळ्यांपर्यंत वीज पोचतच नाही. मुली तीन घुंड्यांपैकी दोन फिरवतात आणि मेकॅनिकला बोलावतात.

हा टायमर बहुतेक ओटीजींत स्प्रिंगचा असतो, विजेवर चालत नाही. त्याचा अर्थ मला एका दिवाळीत नानकटाईच्या घाण्याने शिकवला. ट्रे आत जाऊन जरा वेळ झाला आणि लाइट गेली. अंधारात टायमरची टिकटिक मात्र निवांत चालू होती. लाइट आली, थोड्या वेळाने 'टिंग' झालं, दार उघडलं, तर नानकटाया पापडासारख्या पसरलेल्या. रंग पांढराफटक, तूप कडेला सुटलेलं. तूप वितळण्याइतकी ऊब मिळाली होती, पण आकार धरण्याइतकी नव्हती. टायमरने सांगितलेली मिनिटं इमानदारीने मोजली होती. आत आच आहे की नाही, हे बघणं त्याचं कामच नव्हे.

तेव्हापासून वर्गात सांगते की लाइट गेली की आधी घड्याळ बघा, आणि दार अजिबात उघडू नका. लाइट आली की गेलेला वेळ टायमरमध्ये परत भरा, वर ओव्हन पुन्हा तापायला लागणारी काही मिनिटं धरा. बिस्किटं यातून बहुधा वाचतात. केक अर्धवट फुगलेला असताना ओव्हन गार झाला तर तो मधोमध बसतो, मग कितीही भाजा, वर येत नाही. त्याचं सरळ ट्रायफल करावं.

स्प्रिंगच्या टायमरची आणखी एक खोड आहे. पाच-सात मिनिटांसाठी काटा थेट पाचावर नेला तर स्प्रिंगला पुरता ताण बसत नाही आणि वेळ चुकते. आधी दहाच्या पुढे न्यायचा आणि मग मागे आणायचा. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण पुस्तिका वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात जाते ती जातेच. शून्याच्या दुसऱ्या बाजूला 'स्टे ऑन' असतं. तिथे घुंडी असली की टिंग नाही आणि आपोआप बंद होणंही नाही. ओव्हन रिकामा तापवायला ती सोय ठीक, पदार्थ आत असताना माझ्या वर्गात तिला बंदी आहे.

मॉड्युलर किचनमध्ये भिंतीत बसवलेले ओव्हन आले आणि लाइट जाण्याची गंमत उलटी झाली. त्यांचं घड्याळ विजेवर चालतं. लाइट जाऊन आली की आकडे लुकलुकत राहतात, आणि अनेक मॉडेलं घड्याळ लावल्याशिवाय तापायलाच तयार होत नाहीत. कधी ओव्हन 'ऑटो'वर अडकतो, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेची वाट बघत गप्प बसतो. शेजारच्या वहिनींकडे असंच झालं. मेकॅनिक आला, दोन बटणं दाबली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि चहा न घेता गेला. पॅनेलवर हाताच्या पंजाचं चित्र असेल तर तो मॅन्युअल मोड. आधी घड्याळ लावा, मग तो पंजा दाबा, आणि तरीही नाही तापला तर फोन करा.

याच ओव्हनमध्ये उशिरा सुरू होण्याची सोय असते. सकाळी ट्रे आत ठेवायचा आणि संध्याकाळी घरी यायच्या वेळी पदार्थ तयार. थंड देशात ती शोभते. आपल्या एप्रिल-मेमध्ये मॅरिनेट केलेलं चिकन बंद ओव्हनमध्ये तासन् तास ठेवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपलं स्वयंपाकघर दिवसभर त्याच पट्ट्यात असतं. केकचं मिश्रणही ठेवू नये. सोडा ओला झाल्याबरोबर वायू सुटू लागतो, संध्याकाळपर्यंत फुगायला काही उरत नाही.

आता मोड. चित्रांना घाबरायचं कारण नाही. चौकोनात वर रेघ म्हणजे वरची सळी, खाली रेघ म्हणजे खालची, दोन्ही असतील तर दोन्ही. वरची नागमोडी रेघ म्हणजे ग्रिल. पंखा असेल तर आतली गरम हवा फिरते. केक, बिस्किटं, पाव यांना दोन्ही सळ्या आणि मधली जाळी. केक वरून लाल झाला पण आत सुरी घातली की चिकटून येते, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा मोड विचारते. निम्म्या वेळा तो 'टोस्ट'वर किंवा नुसत्या वरच्या सळीवर असतो. पनीर टिक्का, चीज टोस्ट यांना वरची सळी हवी, आणि तेव्हा ओव्हनसमोरून हलायचं नाही. ग्रिलखाली रंग यायला आणि करपायला मिनिटाचा फरक पुरतो. पंखा लावला तर कृतीतलं तापमान वीसेक अंशांनी कमी करायचं. पुस्तकात १८० असेल तर १६०.

शेवटी व्होल्टेज, कारण त्याचा दोष बिचाऱ्या कृतीवर जातो. सळीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर उष्णता जेमतेम तीन-चतुर्थांश मिळते. संध्याकाळी सगळीकडे पंप, गिझर, मिक्सर चालू असतात अशा भागातल्या मुलींना मी दुपारी केक करायला सांगते. ओव्हन मोठ्या पॉवर पॉइंटलाच लावायचा; २००० वॉटचा ओव्हन जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, साध्या प्लगची किंवा एक्स्टेंशनची वायर तेवढ्याने तापते.

नवा ओव्हन आणलात तर पहिल्या दिवशी केकच्या नादी लागू नका. तो रिकामा तापवून नव्या सळ्यांचा वास घालवा, मग ट्रेभर ब्रेडच्या स्लाइस पसरून १८० वर दोन्ही सळ्या लावा. कुठली स्लाइस आधी तांबूस होते ते बघा. माझ्या ओव्हनमध्ये मागचा उजवा कोपरा तापट आहे, म्हणून निम्मा वेळ झाला की मी ट्रे फिरवते. टोस्ट चहाबरोबर संपतात.