चोळी-बांगडी, कन्यादान आणि शपथ : नाट्यवाङ्मयातील स्त्रीच्या कुलनिष्ठेचा एक विचार

१

भारतीय साहित्यातील स्त्रीच्या कुलनिष्ठेची चर्चा बहुधा पातिव्रत्याच्या कल्पनेपासून सुरू होते आणि तेथेच संपते. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न बाजूला राहतो. ज्या कुटुंबाशी स्त्रीने निष्ठा बाळगावी अशी अपेक्षा असते, त्या कुटुंबाच्या देण्याघेण्यात तिचे स्थान कोणते? ती देणारी आहे, घेणारी आहे, की स्वतःच दिली जाणारी वस्तू आहे? तिच्या निष्ठेचा आणि अस्मितेचा अर्थ या उत्तरावर अवलंबून असतो. प्रस्तुत विवेचनात हा प्रश्न मराठी व कन्नड नाट्यवाङ्मयातील काही कृतींच्या आधारे तपासावयाचा आहे. मात्र प्रारंभ एका ऐतिहासिक तहनाम्यापासून करणे उपयुक्त ठरेल.

१६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे ते व्यंकोजीकडे गेले. १६७७ च्या कर्नाटक स्वारीनंतर शिवाजी महाराज व व्यंकोजी या सावत्र भावांत समेट झाला, आणि त्याची जी कलमे बखर-परंपरेतून व पुढील इतिहासग्रंथांतून आपल्यापर्यंत आली आहेत, त्यांत बंगळूर व आसपासचा मुलूख व्यंकोजीची पत्नी दीपाबाई हिला चोळी-बांगडीसाठी दिल्याचा उल्लेख आहे. या समेटासाठी दीपाबाईने पतीचे मन वळविले, असेही परंपरा सांगते. बंगळूरच्या पूर्वेची, आज दाट वस्तीचे उपनगर बनलेली मारतहळ्ळी याच आसपासच्या टापूतली. (या ग्रामनामातील उच्चारसाम्यावरून मराठ्यांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे.)

या कलमाचा आशय लक्षणीय आहे. मुलखाची व्यवस्था व्यंकोजीने पाहावी, परंतु उपभोग दीपाबाईचा असावा, आणि पुढे तो तिच्या कन्यावंशात चालावा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे भावाभावांतील वैर मिटविताना ज्येष्ठ भावाने धाकट्या भावजयीला स्वतंत्र हक्काचे माणूस म्हणून ओळखले. तरीही या हक्काला मिळालेले नाव पाहण्यासारखे आहे. लाखो होनांचा मुलूख ‘चोळी-बांगडी’ या सौभाग्यवाचक शब्दांत बसविला गेला. स्त्रीला काही द्यावयाचे तर ते तिच्या वस्त्रालंकाराच्या निमित्तानेच द्यावयाचे, ही भाषेची रीत येथे स्पष्ट दिसते. हक्क खरा होता. पण त्याला व्यक्त होण्यासाठी कुटुंबाने दिलेलेच शब्द वापरावे लागले. १६८७ साली बंगळूर मोगलांच्या व लगेच म्हैसूरच्या ताब्यात गेले, आणि कन्यावंशाची ती तरतूद कागदावरच राहिली.

२

आधुनिक मराठी नाटकाने नेमका हाच व्यवहार रंगमंचावर आणला. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकाचे शीर्षकच त्याचे सूचक आहे. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर आपली मुलगी ज्योती हिच्या अरुण आठवले या दलित तरुणाशी होणाऱ्या विवाहाचे स्वागत करतात. जातिभेदाविरुद्धच्या आपल्या आयुष्यभराच्या श्रद्धेची ती सिद्धता आहे, असे त्यांना वाटते. येथे कन्येचे दान देवाब्राह्मणांच्या साक्षीने होत नाही, एका विचारसरणीच्या साक्षीने होते. विधी बदलला तरी रचना तीच राहिली, हे तेंडुलकरांचे मर्मभेदी निरीक्षण आहे. विवाहानंतर मारहाण सोसणारी ज्योती अखेर पित्याला जाब विचारते, त्याने दिलेल्या संस्कारांनीच आपल्याला दुबळे केले असे सुनावते, आणि स्वतःची ओळख पतीच्या नावाने व त्याच्या जगाने सांगून निघून जाते.

या शेवटाचा अर्थ लावताना समीक्षेत दोन टोके दिसतात. एका मते हा ज्योतीचा पराभव आहे; दुसऱ्या मते ती स्वतः केलेली निवड आहे. दलित पुरुषाच्या चित्रणाविषयी घेतले गेलेले आक्षेपही गंभीर असून ते टाळून या नाटकाचा विचार पूर्ण होत नाही. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात एक गोष्ट निश्चित म्हणता येते. ज्योतीला ‘मी’ म्हणावयाचे आहे, आणि त्यासाठी तिच्यासमोर दोनच नावे आहेत : पित्याचे व पतीचे. ती एक नाकारते म्हणून दुसरे स्वीकारते. तिसरे नाव तिच्या भाषेत उपलब्धच नाही.

‘कमला’ (१९८१) या नाटकात दानाची जागा खरेदीने घेतली आहे. पत्रकार जयसिंग जाधव स्त्रियांचा बाजार सिद्ध करण्यासाठी कमला या आदिवासी स्त्रीला विकत घेऊन घरी आणतो. कमला त्याच्या पत्नीला, सरिताला, तिला कितीला विकत घेतले असे सहजपणे विचारते. हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे, आणि म्हणूनच तो निरुत्तर करणारा आहे. सुशिक्षित विवाहाच्या सर्व शिष्टाचारामागील व्यवहार एका वाक्यात उघडा पडतो. तरीही पतीवर संकट कोसळताच सरिता त्याच्यापाशी थांबते. गुलामी संपविण्याचा निश्चय ती पुढच्या दिवसावर ठेवते. तिची निष्ठा येथे अंधश्रद्धा राहिलेली नाही. ती जाणतेपणी घेतलेली, आणि मुदत असलेली निष्ठा आहे.

३

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात स्त्री ही कुलसंपत्तीची राखणदार आहे. धरणगावकर देशपांड्यांच्या ढासळत्या वाड्यात वडिलांच्या मृत्यूनंतर मुले एकत्र येतात, आणि प्रतिष्ठेचा खर्च व वाटणी यांचा प्रश्न उभा राहतो. पिढीजात दागिने हा या नाटकातील मध्यवर्ती घटक आहे. वहिनी ते अंगावर चढविते त्या प्रसंगात वैभवापेक्षा भारच अधिक जाणवतो. तिच्या आधी ते घातलेल्या सर्व सुनांचे आयुष्य जणू तिच्या अंगावर येते. प्रभाचे शिक्षण याच घराण्याच्या प्रतिष्ठेपायी थांबलेले आहे. उलट तरुण रंजू त्याच दागिन्यांसह शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. घराण्याने जे स्त्रीच्या अंगावर सांभाळले, पण स्त्रीच्या हाती कधी दिले नाही, ते रंजूबरोबर असे उंबऱ्याबाहेर जाते. तिचे पलायन मुक्ती नव्हे. ती फसगत आहे. परंतु वाड्यातील मोठ्या माणसांनी तिला दुसरी कोणतीही वाट शिकविली नव्हती, हे नाटककार विसरू देत नाही.

या नाटकाच्या काळाचाही विचार आवश्यक आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला पित्याच्या हिश्श्यात वारसा मिळाला होता. परंतु वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहदायकत्व महाराष्ट्रात व कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्त्यांनी, आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने आले. प्रभा ज्या वाड्यात राबते, त्याच्या वाटणीच्या बोलण्यात तिचे मत कोणी विचारीत नाही. ही तिची व्यथा वैयक्तिक आहे, तशीच व्यवस्थेचीही आहे.

४

देण्याघेण्याच्या या व्यवहारात स्त्रीने स्वतः बोलावे असा प्रसंग येतो तो प्रायः आरोपीच्या पिंजऱ्यात. तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील लीला बेणारे आणि गिरीश कार्नाड यांच्या ‘नागमंडल’ (१९८८) या कन्नड नाटकातील राणी यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोघींवरील आरोपाचे मूळ गर्भ हेच आहे. बेणारेवरचा खटला खेळ म्हणून सुरू होतो आणि खेळाच्या आडून समाज तिला खरी शिक्षा देतो. तिचे दीर्घ स्वगत सर्वस्वी खरे आहे, परंतु ते बोलले जात असताना न्यायालय गोठलेले असते. प्रेक्षकांखेरीज ते कोणी ऐकत नाही.

राणीचे नेमके उलट होते. रात्री पतीच्या रूपाने येणारा नाग हाच तिला पती वाटतो. ग्रामसभेपुढे ती नागाला हाती धरून शपथ घेते की, पती आणि हा नाग यांवाचून कोणत्याही पुरुषजातीला आपला स्पर्श झालेला नाही. शब्दशः ते सत्यच असते. सर्वजण ते ऐकतात, पण त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. तिला देवी ठरविले जाते आणि निष्ठुर पती तिच्या पायांशी येतो. बेणारेचे सत्य ऐकले जात नाही. राणीचे सत्य ऐकले जाते, पण समजून घेतले जात नाही. एकीला कुटुंबाबाहेर ढकलले जाते, दुसरीला कुटुंबाच्या वर बसविले जाते. माणूस म्हणून बरोबरीची जागा दोघींनाही मिळत नाही.

कार्नाडांची आई विधवा होती व तिने पुनर्विवाह केला होता, हे त्यांच्या आत्मकथनामुळे सर्वज्ञात आहे. चरित्रावरून कृतीचा अर्थ काढणे धोक्याचे असते. तथापि, कुटुंबसंस्थेच्या उदारतेवर व क्रौर्यावर एकाच वेळी नजर ठेवण्याची जी क्षमता ‘नागमंडल’ मध्ये दिसते, ती केवळ लोककथेतून आलेली नसावी, इतके म्हणण्यास हरकत नाही.

५

वरील विवेचनावरून असे दिसते की, निष्ठा आणि अस्मिता यांचा विरोध या कृतींना अटळ वाटत नाही. ज्योती, सरिता, वहिनी, राणी यांपैकी कोणीही प्रेमाला किंवा नात्याला नकार देत नाही. त्यांची तक्रार वेगळी आहे : नाते जोडताना, तोडताना किंवा वाटणी करताना त्यांचा शब्द धरला जात नाही. निष्ठा ही स्वतःहून देण्याची गोष्ट आहे. आणि जिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही नाही, तिच्याकडून ती फक्त वसूल करता येते. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी बंगळूरच्या मुलखाविषयीच्या एका कलमाने हे अंशतः ओळखले होते. चोळी-बांगडीच्या नावाखाली का होईना, तेथे एका स्त्रीला देण्याचा अधिकार मिळाला होता. त्या अधिकाराला त्याचे खरे नाव देण्याचे काम आजच्या नाट्यवाङ्मयापुढे अद्याप शिल्लक आहे.