अभ्यासपाठ : न सांगितलेली खाज आणि प्रकाशाचा उपचार



साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या पाड्यांवर ताप, खोकला, सांधेदुखी बाया मोकळेपणाने सांगतात. ‘खालच्या जागेची’ खाज सांगायला मात्र जीभ रेटत नाही. हे फक्त आपल्याच भागात घडते असे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत त्याचे निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के.

अशा झाकलेल्या दुखण्यांपैकी एकाचा आज अभ्यास करू.

आजार कोणता?
याचे नाव लायकेन स्क्लेरोसस. जननांगाभोवतीची कातडी पांढरट, पातळ होते. रात्री खाज वाढते, चिरा पडतात, लघवीला आग होते. पुढे कातडी आक्रसून जागा अरुंद होते. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा अधिक दिसतो. लहान मुलींनाही होतो. तो संसर्गाने पसरत नाही. नवऱ्याकडून येत नाही आणि अस्वच्छतेनेही होत नाही. काही जणी याला कोड समजतात. पण कोडात फक्त रंग जातो, कातडी पातळ होऊन चिरत नाही.

प्रकाश कसा काम करतो?
कोडावर बावची लावून ऊन घेण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. आधी औषधाने कातडी उजेडाला संवेदनशील करायची, मग उजेड द्यायचा, हे तिचे तत्त्व. फोटोडायनॅमिक उपचारातही तेच आहे. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल लावून काही तास थांबतात. पेशींत त्याचे प्रकाश शोषणारे द्रव्य बनते. मग डॉक्टर ठरावीक लाल प्रकाश सोडतात आणि बिघडलेल्या पेशी नष्ट होतात. उपचाराच्या वेळी आग होते. जर्मनीतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये १२ स्त्रियांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १० जणींची खाज कमी झाली. आराम सरासरी सहा महिने टिकला. बावची किंवा ऊन घेऊन हा प्रयोग घरी मुळीच करू नये. नाजूक जागा भाजेल.

मग पहिला उपचार कोणता?
मलमच. डॉक्टर क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम देतात : साधारणपणे पहिला महिना रोज, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. खाज थांबली तरी देखभाल चालू ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांचा पाठपुरावा झाला व २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित उपचार घेणाऱ्यांपैकी एकीलाही त्या जागी कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. टाळाटाळ करणाऱ्यांपैकी शेकडा जवळजवळ पाच जणींना आढळली. यंत्राचा उजेड दूर असला तरी हा बचाव हाताशी आहे. मात्र मेडिकलमधून मनाने आणलेले मिश्र मलम नको; बुरशी असल्यास ती वाढते.

आपण काय करावे?
बाईला आशाताईंबरोबर किंवा विश्वासातल्या भगिनीबरोबर धुळे वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवा. स्त्री डॉक्टर हवी असे सांगायला संकोच करू नका. भरत नसलेली जखम किंवा गाठ असेल तर एक दिवसही थांबू नका. तिचे नाव मंडळीत कोणापुढे घेऊ नका, प्रार्थनेच्या विनंतीतही नाही.

महिला मंडळात चर्चेसाठी
१. आपल्या बोलीत या दुखण्याला काय म्हणतात? तो शब्द न लाजता उच्चारता येईल का?
२. पाड्यावरून रुग्णालयात जायचे तर भाडे, रोज बुडणे आणि सोबत यांची सोय कोण करील?
३. बरे वाटल्यावरही मलम चालू ठेवण्याची आठवण तिला कोण करून देईल?