‘लेट’ म्हणजे होऊ देणे की अडवणे?

आजचे वचन : रोमकरांस पत्र 1:13

पौलाने रोमला जायचं पुष्कळदा ठरवलं, पण जाता आलं नाही. 1611 च्या किंग जेम्स बायबलात इथे क्रियापद आहे ‘लेट’. आपण शाळेत शिकलो ‘लेट’ म्हणजे होऊ देणे. मग अर्थ उलटाच की!

खरं तर ही दोन वेगळी क्रियापदे. जुन्या इंग्रजीत ‘लॅतन’ म्हणजे होऊ देणे आणि ‘लेत्तन’ म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. पुढे दोन्हींचं रूप एक झालं आणि दुसरा अर्थ मागे पडला. (आपली गाडी ‘लेट’ असते ना, तो शब्द या दुसऱ्याच्याच घराण्यातला.) थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र 2:7 मध्येही इंग्रजीत हेच क्रियापद आहे. तिथे ‘होऊ देणारा’ असं समजलात तर सगळं वचनच फिरतं!

रोमकरांसच्या वचनात मूळ ग्रीक क्रियापद ‘कोलुओ’, म्हणजे अडवणे. पौल शेवटी रोमला पोहोचला, पण साखळदंडात, शिपायाच्या पहाऱ्यात. आणि प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक ग्रीकमध्ये ज्या शब्दावर संपतं (28:31) तो त्याच धातूचा आहे : ‘अकोलुतोस’, कुणीही न अडवता.