शिशिरात फुलणारा पांगारा



पौष-माघात आजूबाजूला बघा. गवत वाळलेले, झाडांची पाने गळालेली. झेंडू संपत आलेला, शेवंती सुकायला लागलेली आणि मोगऱ्याला अजून अवकाश. मग या दिवसांत बागेत रंग आणायचा कुठून? त्याचे उत्तर आपल्या कुंपणातच आहे. ते झाड म्हणजे पांगारा.

हा लेख लिहायला एक कारण घडले. गेल्या वर्षी पौषात आमच्या वाडीच्या कुंपणाचा पांगारा आम्ही पार बोडका केला. शेळ्यांना पाला झाला. मीही कोयता धरला होता. फाल्गुन आला, पण एकही फूल नाही. दर वर्षी सकाळी कलकलाट करणाऱ्या साळुंक्याही आल्या नाहीत. आजी म्हणाली, “अरे, फुलायच्या तोंडावरच फांद्या तोडल्यात, आता फुलेल कशाने?”

यंदा माघात मी मामाकडे मुलुंडला गेलो होतो. मुलुंड आणि बोरिवली यांच्या मध्ये डोंगर आहे. तेथेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. मामाने मला बोरिवलीच्या बाजूने कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर नेले. तेथे लाल फुलांची तीन झाडे ओळखायला शिकलो.

पळस : केशरी फुले, पोपटाच्या चोचीसारखी. एका देठाला तीन पाने. फुलांपासून होळीचा रंग करतात.

काटेसावर : खोडावर जाड काटे. फूल मोठे, पाच जाड पाकळ्यांचे. बोंडातून कापूस निघतो, तो उशांत भरतात.

पांगारा : यालाही पाने तीन-तीनच. फांद्यांवर बारीक काटे. लालभडक फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला येतात.

मामाने विचारले, “पाने नसताना फुले का बरे येतात?” मला सांगता येईना. शाळेत आल्यावर गुरुजींनी समजावले. पानांतून पाणी वाफ होऊन जाते. कोरड्या दिवसांत पाणी वाचावे म्हणून झाड पाने टाकते. पाने नसली की फुले लांबून दिसतात. पांगाऱ्याच्या फुलाला वास नसतो, पण रंग लाल आणि आत मध भरपूर. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो. साळुंकी, बुलबुल, कावळा, शिंजीर असे पक्षी मध प्यायला येतात. त्यांच्या चोचीला आणि डोक्याला पराग लागतात आणि ते दुसऱ्या फुलावर जातात. त्यामुळे शेंगा धरतात. म्हणजे कोरड्या दिवसांत झाड पक्ष्यांना पोसते आणि पक्षी झाडाचे काम करतात.

थंड देशांतही असे एक फूल आहे. इंग्लंड, जर्मनीकडे हेलेबोर नावाचे बुटके झुडूप कडक थंडीत, कधी कधी बर्फातही फुलते. म्हणून तिकडचे लोक ते मुद्दाम बागेत लावतात. आपल्या कोकणच्या उष्ण हवेत ते टिकायचे नाही. पण आपल्याला त्याची गरजच काय? आपला पांगारा आहे ना!

पांगारा असा लावावा :

१. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, मोठ्या झाडाची मनगटाएवढी जाड फांदी घ्यावी. लांबी चार ते सहा फूट.

२. दोन-तीन दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे कापलेला भाग सुकतो.

३. बुडखा खाली आणि शेंडा वर ठेवून एक ते दीड फूट खोल पुरावी. माती पायाने दाबावी. उलटी लावू नये!

४. वरच्या कापावर शेणाचा गोळा थापावा.

५. पाणी साचेल तिथे लावू नये, फांदी कुजते.

फांदीपासून केलेले झाड बियांच्या झाडापेक्षा लवकर फुलते. पांगारा शेंगवर्गातला आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात. मिरीचे वेल चढवायलाही तो उपयोगी पडतो. लाकूड अगदी हलके असते. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वीपासून या लाकडाची करत आले आहेत.

सावधान! पांगाऱ्याच्या बिया दिसायला छान असतात, पण त्या विषारी आहेत. लहान भावंडांना तोंडात घालू देऊ नका. हेलेबोरही विषारीच आहे. सुंदर दिसते ते सगळे खायचे नसते.

आता पालकांना एक विनंती. पाला लागतो, जळण लागते, हे आम्हाला कळते. पण पांगारा पौषात छाटू नका. फुले आणि शेंगा होऊन गेल्यावर, मे महिन्यात छाटा. त्याच फांद्या कुंपणाला लावायला होतील. पाला थोडा उशिरा मिळेल, पण पाखरांचे उन्हाळ्यातले जेवण वाचेल.

आमच्या वाडीतल्या पांगाऱ्याला यंदा आम्ही हात लावला नाही. परवा सकाळी मोजले तर अकरा तुरे होते. साळुंक्या परत आल्या.

सांगा पाहू :
१. पांगाऱ्याच्या फुलाला वास नाही, मग पक्षी कसे येतात?
२. तुमच्या घराजवळ माघ-फाल्गुनात कोणकोणती झाडे फुलतात? वहीत यादी करा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी