फुकटचा खेळ महाग पडतो



"आजोबा, विकत कशाला घ्यायचा? हा खेळ फुकट मिळतो!" माझा नातू संगणकासमोर बसून म्हणाला. आयुष्यभर मुलांना शिकवूनही मला चटकन उत्तर सुचले नाही. मग थोडी माहिती मिळवली, ती येथे देतो.

सगळेच खेळ मोठ्या कंपन्या बनवीत नाहीत. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केला. चित्रे त्याची, संगीतही त्याचेच. २०१६ साली तो विक्रीस आला. अशा माणसाला पगार नसतो. खेळ विकला गेला तरच कष्टाचे चीज होते.

दोन भावांच्या ग्रीनहार्ट गेम्सने 'गेम डेव्ह टायकून' काढला. त्यात खेळणाऱ्याने खेळ बनवणारी कंपनी चालवायची असते. या भावांनी मुद्दाम एक 'चोरीची' प्रत स्वतःच पसरवली. तिच्यात खेळणाऱ्याची कंपनी चोरीमुळेच बुडत असे. पहिल्या दिवशी ३,३१८ जणांपैकी विकत घेणारे अवघे २१४ निघाले! आणि फुकट्यांपैकीच काही जण तक्रार करू लागले की, लोक चोरी करतात म्हणून आमची कंपनी बुडते.

दुसरा धोका आपल्याच घराला आहे. चोरीची प्रत बसवताना पुष्कळदा 'अँटीव्हायरस बंद करा' असे सांगतात. म्हणजे चोरानेच पहारेकऱ्याला रजा द्यायला लावावी! २०२१ साली अव्हास्ट कंपनीने 'क्रॅकोनॉश' उघडकीस आणला. चोरीच्या खेळांतून तो दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला होता आणि मालकांच्या नकळत, त्यांच्याच विजेवर, चोरांसाठी आभासी चलन कमवीत होता. असे दुसरे प्रोग्राम पासवर्डही पळवतात. त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो, हे विसरू नये.

आता सरळ मार्ग पाहा:

१) स्टीमवर वरचेवर मोठी सवलत असते. खेळ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. काही खेळांचा नमुनाही फुकट मिळतो.

२) एपिकचे दुकान २०१८ पासून वेळोवेळी काही खेळ फुकट देत आले आहे.

३) इच डॉट आयओवर कित्येक कर्ते आपला खेळ 'जमेल ते द्या' म्हणून ठेवतात.

नातवाने हे ऐकून घेतले. आता तो सवलतीची वाट पाहत हातखर्चाचे पैसे साठवतो आहे. मुलांना नुसते 'चोरी करू नको' म्हणून भागत नाही. सरळ वाट कोठे आहे तेही आपणच दाखवावे.