गच्चीवरून आकाश पाहता येईल?

प्रश्न : बायपास होऊन दोन महिने झाले. रात्री झोप येत नाही, मन धास्तावतं. आकाशनिरीक्षणात मन रमवावंसं वाटतं; पण महागडी दुर्बीण आणि गावाबाहेरची रात्र झेपणार नाही. नाद सोडून द्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नको! दुर्बिणीशिवाय आकाशनिरीक्षण होत नाही, हा गैरसमज आहे. चंद्राच्या कला, ग्रह, कृत्तिका, मृग हे सारं गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. 2019-20च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी तारा मंदावला, तो फरक हौशी निरीक्षकांनी साध्या डोळ्यांनीही टिपला.

पुढची पायरी म्हणजे 10×50ची द्विनेत्री (बायनॉक्युलर). आरामखुर्चीच्या हातांवर कोपरं टेकवून ती स्थिर धरली, तर गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्रही दिसतात. सोबत हवी असल्यास पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे.

मात्र बायपासच्या वेळी कापलेलं छातीचं हाड पुरतं जुळल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत जड दुर्बीण, स्टँड उचलू नका. द्विनेत्रीचं वजनही त्यांच्या कानावर घाला. द्विनेत्रीतून सूर्याकडे कधीही पाहू नका.

जागरण टाळा, संध्याकाळचा तासभर पुरे. हा विरंगुळा आहे, उपचार नव्हे. झोपेची आणि धास्तीची तक्रार पुढच्या तपासणीत डॉक्टरांना जरूर सांगा.